लाल पाकीट

"लाल रंगानं भूक चाळवते. गिऱ्हाईक नावाआधी रंग ओळखतं," डिझायनर शर्वरी म्हणाली, म्हणून हणमंतानं मसाल्याचं पाकीट लालभडक केलं. पण घरच्या मसाल्याच्या धंद्याच्या वाटणीत तो रंग थोरल्या भावाकडे गेला होता.

पाकिटं बाजारात येताच दादा कोयता घेऊन दुकानात घुसला. "माझा रंग चोरतोस?" पहिला वार हणमंताच्या दंडावर बसला. दुसरा चुकला आणि पोतं फाटून तिखट उधळलं. दादा डोळे धरून कोसळला. हणमंतानं तराजूतलं वजन त्याच्या डोक्यावर उगारलं.

"हणम्या, काही दिसत नाही रे!" दादा कळवळला.

वजन हणमंताच्या हातून गळालं. रक्ताळल्या हातानंच त्यानं दादाला नळाखाली नेलं.

टाके पडल्यावर त्यानं शर्वरीला फोन लावला. "बाई, पाकिटाला दुसरा रंग द्या."

"भूक चाळवणारा?"

"नको. डोकं शांत ठेवणारा."