राउटरचा नवा पासवर्ड

"तुम्ही दोघं एकमेकांशी शेवटचं कधी बोललात?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिनं जेवताना विचारूनच टाकलं.

मोबाईलवरची नजर न हलवता आई म्हणाली, "बाबांना विचार." बाबा त्यांच्या मोबाईलमधूनच म्हणाले, "आईला विचार."

तिला ना हसू आलं, ना रडू. घरातले सगळे निरोप कित्येक महिने तिच्याच तोंडून इकडचे तिकडे जात होते. शेजारी फुकट नेट वापरतात म्हणून राउटरचा पासवर्ड बदलायचं कामही तिच्याच गळ्यात होतं. ताट उचलून ती त्या कामाला लागली.

"अगं, नेट गेलं!" थोड्या वेळानं दोघं एकदमच ओरडले.



"गेलं नाही, पासवर्ड बदललाय. अर्धा आईला सांगेन, अर्धा बाबांना. आजपासून मी मध्ये पडणार नाही."