एकवीस डोकी

पहिला दांडका अरुणाच्या मनगटावर बसला. हातातली वही गटारात पडली आणि कोणीतरी ओरडलं, "हाईच ती! पोरेसना नावे लिखी राहिनी!"

सुरतेतल्या नवागामच्या त्या खानदेशी गल्लीत ती पोलिओच्या डोससाठी पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करायला आली होती. तापीवरच्या नव्या पुलाचा खांब उभा राहत नाही, त्याच्या पायाखाली एकवीस मुलांची डोकी पुरायची आहेत, ही बातमी महिनाभर सुरतेत फिरत होती. शाळेत चहा पिताना कुणी सांगितली तेव्हा अरुणा खळखळून हसली होती. या गल्लीतल्या बळीरामचा चार वर्षांचा मुलगा दोन दिवसांपासून सापडत नव्हता, हे तिला कुठून माहीत असणार? तो दांडका बळीरामचाच होता.

"अहो, मी शाळेतली बाई आहे! मुलांना डोस पाजायचेत..."

कानशिलात बसली. चष्मा उडाला. ती खाली पडली तशा लाथा सुरू झाल्या, बरगडीत, पाठीत. एका बाईने तिचे केस धरून तिला भिंतीपर्यंत ओढत नेलं. "तिले सोडू नका! मुंडीच ठेचा तिनी!"

तेवढ्यात कोणीतरी धाडकन तिच्या अंगावर पडलं. तिच्या वर्गातल्या जयश्रीची आई, सरलाबाई. दोन लाथा त्यांच्या पाठीत बसल्या. त्यांनी अरुणाचे अर्धवट सुटलेले केस पुरते मोकळे सोडले आणि कानाशी पुटपुटल्या, "मॅडम, घुमा. जगायचं असेल तर घुमा." मग उठून त्यांनी बोंब ठोकली, "हात नका लावा रे! सप्तशृंगी माय येल शे तिना आंगमा!"

अरुणाने आयुष्यात कधी कुणाला घुमताना नीट पाहिलंही नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, मान गरागरा फिरवू लागली आणि घशातून आवाज काढला. तोंडातलं रक्त केसांवरून आजूबाजूला उडालं.

गर्दी दोन पावलं मागे सरली. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. आजूबाजूच्या घरांतल्या कापड विणायच्या लूमची खडखड तेवढी चालू होती.

"माय, सांग," एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "आमना पोरे कोण लई जास?"

अरुणा घुमतच राहिली. म्हातारीने पुन्हा विचारलं. मागून एक तरुण म्हणाला, "बोलत का नही? ढोंग करी राहिनी ती." दोघातिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी वीट उचलली.

समोर बळीराम गुडघे टेकून बसला होता. दांडका अजून हातातच होता, डोळ्यांना धार लागली होती. "माय, मना पोऱ्या कोठे शे? जित्ता शे का?"

अरुणाने त्याच्याकडे पाहिलं. मनगटाचं हाड कातडीखाली वेडंवाकडं वर आलं होतं. सरलाबाई तिच्या कमरेभोवती हात घालून हळूच म्हणाल्या, "बस मॅडम, आता पडून घ्या. मी सांभाळते." पण अरुणाचा दुसरा हात वर झाला होता. बोट बळीरामवर रोखलेलं होतं.

"ह्याने," ती म्हणाली. "ह्यानेच पुलाला दिला."

बळीरामने मागे वळून पाहिलं, बोट दुसऱ्या कुणाकडे आहे की काय म्हणून. तोच वीट त्याच्या डोक्यात बसली. त्याचाच दांडका त्याच्या हातातून कुणी हिसकावून घेतला.

सरलाबाईंनी अरुणाच्या कमरेभोवतीचा हात काढून घेतला आणि त्या गर्दीत घुसल्या. गर्दीने त्यांना बाहेर फेकलं.

बळीरामची पहिली किंकाळी ऐकली आणि अरुणा भानावर आली. "नको! सोडा त्याला! मी खोटं बोलले!" ती केस मोकळे सोडलेली, रक्ताने माखलेली, बेंबीच्या देठापासून ओरडत होती. बायका तिच्या पायांवर तांब्यांनी पाणी ओतू लागल्या.

"माय कोपनी!" म्हातारी ओरडली. "मारा रे, आखो मारा!"