छिन्नीचे तीन घाव

धुळ्यात आग्रा रोडला लोटन मिस्त्रीचं जीपचं गॅरेज होतं. गाडीतून काढलेला एक्सल साखळीला टांगून तो हातोडीचा एक टोला द्यायचा. घंटेसारखा वाजला तर ठणठणीत. आवाज बद्द आला तर आत तडा. असला एक्सल पुन्हा कुणी बसवू नये म्हणून तो त्याच्या तोंडावर छिन्नीचे तीन घाव घालायचा आणि मगच मालकाच्या हवाली करायचा. घावांचा अर्थ मात्र त्याने कधी कुणाला सांगितला नाही. सांगायचं काय त्यात? घाव घातलेली वस्तू कोण वापरतं?

साडूच्या पोराच्या वरातीला चोपड्याकडच्या दोन भाड्याच्या जीपा होत्या. पुढच्या जीपमध्ये बायका, त्यांत लोटनची लेक तान्ह्या नातवाला घेऊन. मागच्या जीपमध्ये पुरुष. घाटमाथ्यावर मागची जीप रेडिएटरमध्ये पाणी टाकायला थांबली. पुढची तशीच हॉर्न वाजवत उताराला लागली.

लोटन पाय मोकळे करायला उतरला आणि त्याने सहज चाकाकडे पाहिलं. चाकाच्या मधोमध, एक्सलच्या तोंडावर, ताज्या निळ्या रंगाखाली, तीन घाव.

"हा एक्सल कुठून आणला रे?" त्याने घाबरून घावांवर बोट ठेवलं.

लोटनला न ओळखणारा ड्रायव्हर कौतुकाने हसला.



"भिऊ नका, आबा! धुळ्याच्या लोटन मिस्त्रीनी खूण शे ती. भंगार बजारमां बठ्ठा लोक तीच देखीसन माल लेतस. पुढली गाडीले बी तसाच एक्सल टाकेल शे."