पोत्यातली घंटा

मेक्सिकोतल्या आमच्या गावच्या रेडिओवर एर्मेलिंदामावशी बातम्या सांगायची. आधी गाईची घंटा वाजवायची. घंटा वाजली की बाजारसुद्धा गप्प. ती गावाजवळ होऊ घातलेल्या खाणीविरुद्ध बोलली, म्हणून सरकारी साहेबांनी माइक, मशीन, घंटा सगळं पोत्यात भरलं. "घंटा कशाला? घरी गाय आहे का तुमच्या?" मावशीने विचारलं. साहेब तडकले. "आजपासून तुझा आवाज बंद. कोण ऐकतं तुला, बघतोच." मावशीच्या एप्रनमधला फोन हे टिपत होता. मिनिटभराचे आवाज सोशल मीडियावर फुकट पोचवणाऱ्या वेबसाइटवरून तिने तेच गावभर धाडलं. साहेब पोतं उचलून निघाले, तर मक्याच्या पोळ्या, तोर्तिया, विकणारीच्या, न्हाव्याच्या फोनमधून त्यांचंच "आजपासून तुझा आवाज बंद" वाजत होतं. ते ओआहाका शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. पहिल्याच खड्ड्यात पोत्यातली घंटा वाजली. अख्खी बस गप्प झाली, माना वळल्या. "बोला साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "गाव ऐकतंय."