गायरान परत देण्याचा आजार

"डोक्यात बिघाड झालाय असं लिहा, डॉक्टर," रविराजनं टेबलावर मूठ आपटली. "आज रिपोर्ट आलाच पाह्यजे."

बिघाड सरळ होता. चौसाळ्याजवळच्या त्यांच्या गावाचं चाळीस एकर गायरान रविराजच्या वडिलांनी, सुंदररावांनी, वीस वर्षांपूर्वी तारेचं कुंपण घालून आपलंसं केलं होतं. परवा ग्रामसभेत तेच उभे राहून म्हणाले, "सोमवारी सही करून परत देतो." पुढारी असं शुद्धीवर बोलत नाही, यावर घरात एकमत झालं.

डॉक्टरांनी शक्यता सांगितली होती. शेळीच्या कच्च्या दुधातून एक जंतू अंगात शिरतो, क्वचित मेंदूपर्यंत जातो, माणसाचा स्वभाव पालटतो. सुंदरराव रक्त द्यायला तयार नव्हते. "आधी तू दे," म्हणाले. मग दोघांचंही काढलं.

शेळ्या राखणाऱ्या साखराबाईला रविराजनं साक्षीला जीपमधून आणलं होतं. त्यांच्या घरी रतीब तिचा.

"कच्चं दूध पाजून आबांचं डोकं नासवलंस तू!"

"दादा, उकळून घ्या म्हणलं हुतं मी."

"काय?"

"उकळून घ्या म्हणलं हुतं!"

"वरडू नको!" रविराज ओरडला. एसीतही तो घामानं निथळत होता. संताप लई वाईट.

"रवी, माझं डोकं आत्ता कुठं ठिकाणावर आलंय," सुंदरराव म्हणाले. "चाऱ्यावाचून हिच्या निम्म्या शेळ्या बाजारात गेल्या. माझ्यापायी."

"बघा! हे शहाण्याचं बोलणं हाय का?"

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. दोन्ही कागद वाचले.

"जंतू सापडलाय."

साखराबाई मटकन खाली बसली. सोमवार गेला, गायरान गेलं.

"मग लिहा," रविराज म्हणाला. "चिडचिड, भ्रम. आत्ताच भरती करा. सही-बिही काही करू द्यायची न्हाई."

डॉक्टरांनी सगळं लिहिलं. 'कमी ऐकू येणं' एवढं स्वतःच्या पदरचं घातलं. "मणक्यातलं पाणी आजच तपासू. औषधांनी बरं वाटेल, पण काही महिने लागतील. इथं नातेवाइकाची सही लागते, पेशंटची चालत नाही."

रविराजनं झटक्यात पेन काढलं.

डॉक्टरांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि कागदासकट सुंदररावांपुढं ठेवलं.