पथ्य

प्रयागबाईने ताटात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि सयाजीचा पुढे आलेला हात तसाच राहिला.

शुगर निघाल्यापासून या घरात त्याला गोड मिळालं नव्हतं. बाजरीची भाकरी, मेथी, मुगाचं वरण, बिनसाखरेचा चहा. उजाडलं की पुलापर्यंत चालून यायचं. त्यातलं काहीच त्याला कधी पटलं नाही. चालायला म्हणून निघायचा आणि स्टँडवर जिलेबी खाऊन परतायचा. पुतणीच्या लग्नात प्रयागबाईने भर पंगतीत त्याच्या पानातले गुलाबजाम उचलून घेतले, तेव्हा लोक हसले होते आणि तो भरल्या पानावरून उठून गेला होता. हिने माझं जगणं अळणी केलं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या पायांवर सूज चढली, चार पावलांत दम लागू लागला, तरी भाकरी बघितली की त्याचं तोंड वाकडं व्हायचंच.

“आज काय सण हाय?” त्याने विचारलं.

“सण कशाला पायजे? तुमाला खावीशी वाटत व्हती ना.”

ती त्याच्याकडे बघत नव्हती. कालच ते तपासणीला जाऊन आले होते. डॉक्टरांनी सयाजीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि प्रयागबाईला नि अमृतला आत थांबवून घेतलं. बराच वेळ दोघं आत होती. बाहेर आल्यावर गोळ्या बदलल्यात एवढंच अमृत बापाला म्हणाला होता, आणि गाडी आणायला निघून गेला होता.

“डॉक्टर काय म्हनले?”

प्रयागबाईने तुपाची वाटी खाली ठेवली. ती पुन्हा उचलली.

“म्हनले, आता आवडंल ते खाऊ घाला.”

सयाजी पोळीकडे बघत राहिला. तूप पसरत कडेपर्यंत आलं होतं. मग त्याने ताट हळूच पुढे सरकवलं.

“हे उचल. भाकरी टाक.”

पीठ मळलेलं नाही, चूलही विझत आलीय, असं ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. तिने परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं. मळताना तिचे हात थांबत होते. भाकरी थापताना दोनदा चिरली. सयाजी भिंतीला टेकून तव्याकडे बघत बसला. वाढल्यावर त्याने एकेक घास पुन्हापुन्हा चावला. घास खाली उतरत नव्हता, तरी तो खात होता. मेथी त्याने मागून घेतली. अर्धी भाकरी संपवली आणि हात धुतला.

“बूट दे.”

“उन्हाचं कुठं निघालात?”

“चालून येतो.”

सुजलेले पाय बुटात शिरेनात. शेवटी तिनेच स्वतःच्या चपला त्याच्या पुढे ठेवल्या. त्या वापरून ढिल्या झाल्या होत्या, त्यात त्याचे पाय कसेबसे बसले. तिने त्याच्या दंडाला धरलं. आजवर त्याने कुणाला धरू दिलं नव्हतं, आज धरू दिलं. ओसरी उतरायला त्यांना फार वेळ लागला. अंगणात तो दोनदा थांबला. छातीत घरघर वाजत होती.

शेजारची साळुबाई कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती. पुरणाचा वास तिच्यापर्यंत गेला होता. दोघांना असं धरून चालताना पाहून ती हसली.

“आज गोडाधोडाचं, पयागाबाय? पावणं यायचं हायेत का काय?”

प्रयागबाईने त्याचा दंड आणखी घट्ट धरला. सयाजीने श्वास गोळा केला.

“येतील,” तो म्हणाला. “समदेच येतील.”

आणि त्याने फाटकाकडे पुढचं पाऊल टाकलं.