चंदेरी कागदातली नळी

"घट्ट धर गं," काझुमासा बायकोला म्हणाला. तोकिएने वेसण आवळली आणि फुकुमारूच्या कपाळावर तळवा ठेवला. बैलाने एकदाच कान हलवले. डॉक्टर नागासेने त्याच्या मानेतून रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि नळी चंदेरी कागदात गुंडाळली.

"उजेड लागला की रक्तातलं अ जीवनसत्त्व मरतं," ती म्हणाली.

"हे ठाऊक नसणारं या दरीत कुणी आहे का, डॉक्टर?" तोकिए हसली.

मांसात चरबीची बारीक जाळी उतरावी म्हणून इथले लोक बैलाला काही महिने हिरवा चारा देत नाहीत. नुसता पेंढा आणि भिजवलेल्या धान्याचं आंबोण. रक्तातलं अ जीवनसत्त्व उतरत जातं. फार उतरलं तर बैल खाणं टाकतो, आंधळा होतो; मध्येच घाबरून भरून काढलं तर जाळी विरते. ही तारेवरची कसरत ज्याला जमली, त्याच्या गोठ्यावर शरदातल्या प्रदर्शनात पहिल्या नंबरचा जांभळा पट्टा लागतो.

तो पट्टा दर वर्षी ओहोळापलीकडे, फुसायोच्या गोठ्यावर लागायचा. तोकिएचा नंबर दुसरा.

फुसायो एकटी बाई. नवरा गेल्यावर बैल विकून टाकील असं सगळ्यांना वाटलं होतं, तर उलट तिचे बैल आणखीच चांगले निघू लागले. तिचा मुळा गोड, तिची सून तिच्याजवळ राहते, तिच्या अंगणातली पर्सिमनची फळंसुद्धा पाखरं खात नाहीत. तोकिएला हे सगळं खुपायचं. आणि फुसायो मनाने चांगली होती, हे सगळ्यात जास्त.

"हा आपला शेवटचा," काझुमासाने हिवाळ्यातच सांगितलं होतं. त्याचा गुडघा आता उठू देत नव्हता. "फुकुमारू गेला की गोठा बंद."

म्हणजे पट्ट्याची ही शेवटचीच संधी.

डॉक्टर ओहोळ ओलांडून फुसायोच्या बैलाचंही रक्त घेऊन आली. दोन्ही नळ्या एकाच पेटीत. पेटी पशुपालक संघाच्या कचेरीत पोचवायची पाळी या खेपेला तोकिएची होती.

"तोकिएसान, सावकाश जा हं," फुसायोने पलीकडून हात केला. "आणि तुझ्या राजाने आज आंबोण टाकलंय का? तसंच टोपल्यात पडलेलं दिसतंय."

"सुई टोचल्यावर तू तरी जेवशील का?"

फुसायो खळखळून हसली. तोकिएही हसली, दात दाखवण्यापुरती.

घाटाच्या वळणावर तिने छोटा ट्रक थांबवला. पेटी उघडली. फुसायोच्या नळीचा कागद अलगद सोडला आणि नळी काचेपाशी, भर उन्हात ठेवली. मग बाहेर दगडावर बसून तिने डबा उघडला. लहानपणी फुसायो आणि ती एकाच छत्रीतून शाळेत जायच्या, ते नेमकं आत्ताच आठवायचं काय कारण होतं? तिने डबा झाकला. नळी पुन्हा कागदात गुंडाळून ती कचेरीत देऊन आली.

निकाल आला. फुकुमारूचा आकडा हवा तसा, काठावर. फुसायोच्या बैलाचा मात्र इतका खाली की डॉक्टरने लगोलग औषधाची बाटली आणून दिली. आजच्या आज पाजा, नाहीतर डोळे जातील, म्हणाली.

त्या दिवशी देवळाच्या झाडलोटीची पाळी तोकिएची होती. परतताना ओहोळाच्या पुलावर फुसायो भेटली. हातात रिकामी बाटली, बाहीवर औषधाचे पिवळे डाग.

"पाजलंस?" तोकिएने विचारलं.

"पाजलं बाई. एका दमात प्यायला." फुसायोचे डोळे ओले होते. तिने तोकिएचा हात दाबला. "काळजी करू नकोस."

मी कशाला करू, तोकिए मनात म्हणाली. घरी येऊन तिने फुकुमारूला इतका खरारा केला की काझुमासा म्हणाला, "कातडी ठेव थोडी अंगावर." तो तिच्याकडे न बघताच बोलला. गुडघा दुखत असेल, तिला वाटलं.

शरद आला. बैल गेले. प्रदर्शनाच्या थंडगार दालनात कापलेलं मांस मांडलेलं होतं. फुसायोच्या बैलाच्या मांसात चरबी नुकत्या पडलेल्या हिमासारखी भुरभुरली होती. पहिला नंबर.

फुकुमारूचं मांस लालभडक होतं. त्याचं नाव दुसऱ्या पानावरही नव्हतं.

बाहेर बाकावर तिघं चहा घेऊन बसले. पट्टा फुसायोने पिशवीत दडवला होता. तोकिएने पेला बाकावर ठेवला.

"तू तर औषध पाजलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "तरी एवढी जाळी? असं कसं होईल?"

फुसायोने काझुमासाकडे पाहिलं.

"सांगून टाका आता," तो म्हणाला. "आज ना उद्या कळणारच."

"रागावू नकोस, तोकिएसान. माझा बैल तर टोपलं चाटूनपुसून खात होता, अंधारातसुद्धा नीट चालत होता. त्याचा आकडा एवढा खाली कसा? आणि आंबोण टाकत होता तुझा. मी म्हटलं, पेटीत चिठ्ठ्या सुटून त्यांची अदलाबदल झाली असणार. पेटी तू नेली होतीस, तुझ्या जिवाला लागेल म्हणून आम्ही दोघांनी तुला कळू दिलं नाही." फुसायोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ती अख्खी बाटली मी तुझ्या फुकुमारूला पाजली गं."